पिकअपमधले सात रगडे

अप्पांच्या चौदाव्या दिवशी शेषगिरी काकांनी पिकअपमधले दगड ज्याचे त्याच्या घरी परत पोचवले.

मला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी गाडीचा फाळका खाली पाडला आणि हौद्यात नुसता धुतलेला पत्रा दिसला. कोपऱ्यात अजून पाणी साचलेलं होतं.

दगड म्हणजे रगडे. मधे खळगा असलेले, इडली-डोशाचं पीठ वाटायचे. तंजावरच्या प्रत्येक मराठी घरात एकेकाळी एक तरी होता. विजेचे ग्राइंडर आले तसे ते परसात, विहिरीपाशी, धुण्याच्या दगडाशेजारी जाऊन पडले. अप्पांनी असे सात रगडे सात घरांतून मागून आणले होते. आणि अप्पा छत्तीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होते, हातात आलेल्या वस्तूवर क्रमांक घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. प्रत्येक रगड्याच्या बुडाला पांढऱ्या रंगाने आकडा आणि नाव. तेही तमिळ अक्षरांत, कारण आमच्यात मराठी बोलणारे अजून आहेत, देवनागरी वाचणारे फारसे उरलेले नाहीत. मला अप्पांनी शिकवली. माझा भाऊ वरुण शिकायला बसला नाही.

काकांनी ती नावं वाचली. गेलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्या घरची वस्तू राहू नये, असं आमच्या घरात मानतात. तेराव्याची, शुभस्वीकाराची पंगत आदल्या दिवशी झालीच होती. त्यांनी टेम्पो बोलावला, दगड पोचते केले आणि गाडी धुऊन घेतली. ते दगड तिथे कशासाठी होते, हे कुणाला विचारलं नाही. विचारता आलं असतं. मी आत भांडी पुसत होते.

कशासाठी होते ते सांगते.

सात वर्षांपूर्वीच्या वादळात आमच्या जिल्ह्यातली नारळाची झाडं लाखांनी पडली. अप्पा तेव्हा नुकतेच सदुसष्टचे झाले होते. पापनाशमच्या पुढे आजोबांच्या वाटणीतला जमिनीचा एक तुकडा होता. त्यावर त्यांनी नारळाची रोपवाटिका सुरू केली आणि रोपं पोचवायला एक जुनी पिकअप घेतली. रोपवाटिकेपर्यंत जायला डांबरी रस्ता सोडून कालव्याच्या बांधावर चढावं लागतं. मग एक किलोमीटर बांधावरूनच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भात. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे थंडी नव्हे, पाऊस. ऐप्पसी आणि कार्तिक, डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे दोन तमिळ महिने तो पडत राहतो आणि बांधावरच्या चिकणमातीचं लोणी होतं. भरलेली गाडी त्यातून निघते. रिकामी निघत नाही. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि मागच्या चाकांवर काहीच ओझं नाही, ती जागच्या जागी फिरत राहतात. रोपं आणायला जाताना गाडी रिकामीच असणार.

पहिली दोन वर्षं अप्पा पावसात गाडी खाली रस्त्यावर उभी करायचे आणि रोपं डोक्यावरून आणवायचे. मग ते एका डिसेंबरात वरुणकडे मिनेसोटाला गेले. तिथे त्यांनी बर्फात शेजारचा माणूस पाहिला. तो आपल्या रिकाम्या पिकअपच्या हौद्यात वाळूची पोती रचत होता. अप्पांनी मला लिहिलेल्या पत्रात त्या माणसावर दीड पान होतं, नातवावर तीन ओळी. शेवटी लिहिलं होतं, बर्फ काय आणि आपली चिकणमाती काय, चाकाला दोन्ही सारखीच.

वाळूची पोती आमच्या पावसात भिजून फाटली असती. रगडे फाटत नाहीत.

आता गाडी दारात रिकामी होती, आणि कामाक्षीचा फोन आला होता. पट्टुक्कोट्टैच्या बाजूला तिचं शेत. वादळात तिची साठ झाडं गेली होती. अप्पांनी तिला त्यापुढचा मार्गळी महिना लागायच्या आत साठ रोपं कबूल केली होती. मार्गळीला पाच दिवस राहिले होते.

"अय्या गेल्याचं मला ठाऊक आहे, अम्मा," ती म्हणाली. "मी मागायला नको होतं. पण खड्डे खणून झालेत. पाऊस त्यांच्या कडा पाडतोय."

"येते घेऊन," मी म्हटलं.

रगडे नाहीत हे पाहूनही मी निघाले. तेवढी घमेंड माझ्यात आहे. वाटेत सांबशिवला घेतलं. तो रोपवाटिकेचं काम बघतो, साठीचा आहे, अप्पांशी तो फक्त झाडांबद्दल बोलायचा आणि माझ्याशी तेवढंही बोलत नाही. बांधाच्या चढावर मी गाडी दुसऱ्या गियरमध्ये घातली. पुढची चाकं वर गेली, मागची तिथेच गरगरली आणि गाडीचं शेपूट हळूहळू, अगदी न घाबरता, कालव्याकडे सरकू लागलं. सांबशिव उतरला, नारळाच्या झावळ्या आणून चाकांखाली घातल्या. त्यांचा भुगा झाला. अर्ध्या तासाने आम्ही गाडी उलटी खाली उतरवली.

"अय्यांचे दगड?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो गाडीच्या रिकाम्या हौद्याकडे बघत राहिला आणि मग कालव्यात थुंकला.

काका आमच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे, पण सकाळचा पेपर ते इथेच वाचतात. वरुणला कागदपत्रांच्या भानगडीमुळे येता आलं नव्हतं, म्हणून अग्नी काकांनीच दिला आणि तेव्हापासून घरातले निर्णय तेच देत होते. चौथ्या दिवशी मला म्हणाले होते, लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक, तुझं सुटलं, तिरुचीला जायचं तर जा. मी गेले नव्हते.

माझ्या साडीवरचा चिखल बघून त्यांनी पेपर खाली केला.

"चढली?"

"नाही."

"मग झालं तर. वीटभट्टीवाला शुक्रवारी दहाला येतोय गाडी बघायला. वरुणशी माझं बोलणं झालंय."

"माझ्याशी झालेलं नाही."

"तुझ्याशी काय बोलायचं? तू तिरुचीची. तिथे पोरांना शिकवतेस. ही गाडी काय वर्गात नेणार आहेस?"

"सही माझीही लागेल."

"नको करूस," काका म्हणाले. "दारात उभी करून ठेव. रोज सकाळी फुलं वाहा."

"रोपं नेईन."

"कुठल्या वाटेने? आता सांगितलंस ना, बांध चढत नाही."

"तुम्ही दगड काढलेत म्हणून चढत नाही."

"अगे, लोकांच्या घरचे दगड ते. नावं घातलेली. माझा भाऊ दुसऱ्याची सात ओझी अंगावर घेऊन गेला असता."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"शुक्रवारी सकाळी बांध चढली नाही तर सही करीन," मी म्हटलं. "तुमच्यासमोर. पेन तुमचंच."

काकांनी खिशावर हात ठेवला. तिथे त्यांचं पेन असतं. "ठीक," म्हणाले आणि पेपर वर केला.

गुरुवारी सकाळी मी आणि सांबशिव पिकअप घेऊन दारोदार निघालो.

पहिलं घर वेंकूबाई आत्यांचं. अप्पांच्या चुलत बहीण, चौऱ्याऐंशीच्या. त्या दारातच वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या. मला पायरीवर पाहून त्यांनी हात आडवा केला.

"दुःखातल्या घरची तू. वर्ष सरल्याशिवाय दुसऱ्याचा उंबरा ओलांडू नये."

"मला तीनच दिवसांचं, आत्या. शेषगिरी काकांनी सांगितलं."

"शेषगिरीने?"

"स्वतः."

त्यांनी थोडा विचार केला. "मग ये. सुतक किती ते तो सांगणार आणि उंबरा मी अडवणार, असं कसं होईल."

रगडा परसात नळाखाली पडला होता. आत्या माझ्या मागोमाग आल्या. "परवा टेम्पोवाला हा टाकून गेला. मी म्हटलं, तुझ्या अप्पाला, अनिरुद्धाला नकोसा झाला वाटतं. गेल्यावर माणसाला काय काय नकोसं होतं, कोण जाणे. तुला कशाला हवा?"

"चाकं घसरतात. मागे वजन पाहिजे."

"मग मला बसव की."

"तुमचं वजन किती?"

"अडतीस किलो. डॉक्टरने मोजलंय."

"पुरायचं नाही, आत्या."

"मग दगडच ने," त्या म्हणाल्या आणि नळ बंद करायला वाकल्या, जणू मी वाटी उसनी मागितली होती.

असाच प्रत्येक घरी थोडा थोडा वेळ गेला. एका घरी कॉफी घ्यावी लागली. एका घरी मला बाहेर ओट्यावर बसवलं आणि रगडा त्यांनी स्वतःच गडगडत आणून दिला, म्हणजे मला आत घेतलं असं होऊ नये. मी ओट्यावर बसले. माझं काम दगडाशी होतं. चौथ्या घरी मात्र रगड्यात पाणी भरून कमळाचा कंद लावून झाला होता, दोन मासेही सोडले होते. दोन दिवसांत.

"आता कसं काढायचं?" त्या घरची सून म्हणाली. "शोभून दिसतंय ना?"

शोभून दिसत होतं. मी तिथून रिकाम्या हाताने निघाले.

दुपारपर्यंत पाच झाले. एकेक पन्नास किलोच्या आसपास. सातवा राहिला होता. तो सगळ्यांत मोठा, आमच्या आजीचा, जुन्या घराची वाटणी झाली तेव्हा काकांकडे गेलेला. बाकी सहांवर अप्पांनी घरांची नावं घातली होती. सातव्यावर घराचं नाव नव्हतं. "७. आई." एवढंच. काकांनी सहा घरांच्या दारात सहा दगड टाकले आणि हा आपल्या परसात आणून ठेवला. नीट पुसून, तोंड वर करून.

दोन परसांमधल्या भिंतीत दिंडीदरवाजा आहे, मी त्यातून गेले. काका परसातच खुर्ची टाकून बसले होते, माझीच वाट बघत असल्यासारखे.

"हा नाही," ते म्हणाले.

"चार नंबर मिळाला नाही. ह्याच्याशिवाय वजन पुरणार नाही."

"माझ्या आईचा आहे तो."

"तुमच्या आणि अप्पांच्या."

"चिखलात घालायचा?"

"अप्पांनी चार वर्षं घातला. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"तेव्हा तो होता," काका म्हणाले. "त्याच्याशी भांडता यायचं."

मी रगड्याशी वाकले आणि कडेला हात घातला. हलला नाही. मी पुन्हा जोर लावला. माझ्या मागे स्वयंपाकघराचं दार वाजलं आणि विनुता काकू हात पुसत बाहेर आल्या.

"ह्यांना विचारतेस?" त्या मला म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून ग्राइंडर येईपर्यंत अठरा वर्षं मी ह्याच्यावर पीठ वाटलं. रोज. बारशाचं, श्राद्धाचं, ह्यांच्या मित्रांचं. ह्यांनी एकदा हात लावला असेल तर शप्पथ. परवा पहिल्यांदा लावला, तोही हमालाकडून."

"विनुता," काका म्हणाले.

"पोदुम, पुरे. आईचा म्हणे. माझ्या खांद्यांना विचारा कुणाचा ते." त्यांनी पदर खोचला आणि रगड्याच्या दुसऱ्या बाजूला आल्या. "सांबशिवला हाक मार, कण्णा, बाळा. फळी आणायला सांग. घेऊन जा ह्याला आणि कामाला लाव."

आम्ही तिघांनी तो कलंडवला आणि कडेवर फिरवत फिरवत दिंडीपर्यंत आणला. काका खुर्चीतून उठले. मला वाटलं आडवे येतील. त्यांनी दिंडीत लावलेली आपली स्कूटर तेवढी बाजूला घेतली आणि परत जाऊन बसले.

संध्याकाळी वरुणचा फोन आला. त्याच्याकडे सकाळ होती, मागे कॉफीच्या भांड्याचा आवाज येत होता.

"ताई, काका सांगतायत तू दारोदार दगड मागत फिरतेयस."

"मागून झाले. आता भरतेय."

"हे सगळं कशासाठी? अप्पा गेले. ती गाडी ठेवून अप्पा येणार आहेत का?"

"नाही. रोपं जाणार आहेत." सांबशिव त्या वेळी दगड फाळक्यापाशी रचत होता, कारण तिथे ठेवायला सोपे. मी हाताने त्याला थांबवलं. "वरुण, तुझ्या शेजाऱ्याने पोती कुठे रचली होती? हौद्यात नेमकी कुठे?"

"अप्पा बाल्कनीतून बघत होते," वरुण म्हणाला. "मी म्हटलं आत या, थंडी बाधेल. ऐकेनात. शेवटी माझा कोट घालून खाली गेले आणि त्या माणसाला पोती उचलून द्यायला लागले. मला इतकी लाज वाटली होती, ताई."

"कुठे रचली होती?"

"ॲक्सलच्या बरोबर वर. शेपटाकडे नाही, नाहीतर पुढचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं होतं. आणि पुढून एक आडवी फळी मारायची. ब्रेक लावला की सगळं केबिनवर येतं. रगडे आहेत ना? पालथे घाल. खाली गोणपाट."

"अप्पा तसेच घालायचे."

"हो. फोटो पाठवला होता मला. मी उत्तर दिलं नव्हतं." मग म्हणाला, "उद्या चढली तर फोन कर. नाही चढली तरी कर."

शुक्रवारी सहाला आम्ही निघालो. रात्रभर पाऊस होता, सकाळी फक्त भुरभुर. पापनाशम सोडून गाडी कालव्याशी आली तेव्हा डांबरी रस्त्याच्या कडेला काकांची स्कूटर उभी होती. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून काका तिच्यावर बसले होते. तीस किलोमीटर त्या पावसातून आले होते. मी काच खाली केली नाही.

अप्पा चढावर दोनच गोष्टी सांगायचे. थांबायचं नाही आणि घाई करायची नाही. मी दुसरा गियर टाकला. पुढची चाकं बांधावर चढली. मागच्या चाकांनी माती उडवली, मला आरशात ती दिसली, आणि शेपूट वीतभर डावीकडे, पाण्याच्या बाजूला गेलं. सांबशिवने दाराची कडी धरली. मी पाय जिथे होता तिथेच ठेवला. मग गाडीचं मागचं अंग खाली बसलं. दुसरा शब्द नाही त्याला, जडशीळ बाई पाटावर बसते तसं बसलं. चाकांना खाली काहीतरी घट्ट लागलं आणि आम्ही वर आलो.

पुढचा एक किलोमीटर बांध मी त्याच गियरवर काढला. रोपवाटिकेच्या फाटकाशी सांबशिव म्हणाला, "अय्या चढताना दात आवळायचे. तुम्ही पण आवळता."

साठ रोपं चढवायला दीड तास लागला. दगडांच्या मधे पिशव्या उभ्या घट्ट बसवल्या. येताना गाडी भरलेली, तिला बांधाची पर्वा नव्हती. खाली आले तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि काका तिथेच होते. सांबशिवने मधेच बांधावरून चालत जाऊन त्यांना छत्री दिली होती, ती त्यांनी स्कूटरच्या सीटवर धरली होती. मी गाडी थांबवली आणि काच खाली केली. त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि फोनवर हात ठेवला.

"वीटभट्टीवाला. लवकर आलाय. दारात उभा आहे."

"उभा राहू दे."

"त्याला काय सांगू?"

"गाडी कामावर गेलीय म्हणून सांगा."

काकांनी हौद्यातल्या रोपांकडे पाहिलं. त्यांच्या बुंध्यांमधून आजीच्या रगड्याची पाठ दिसत होती, चिखलाचे शिंतोडे उडालेली. त्यांनी फोनवरचा हात काढला. "गाडी कामावर गेलीय," ते म्हणाले आणि पलीकडून काय येतंय ते न ऐकता फोन बंद केला. मी काच वर केली.

कामाक्षीच्या शेतात खड्डे होते तसेच होते, फक्त सात-आठांच्या कडा ढासळल्या होत्या. तिने एकेक रोप दोन्ही हातांनी उतरवून घेतलं. पैसे सांबशिवच्या हातात दिले आणि माझ्या हातात एक केळीचा फणा. दगड कशाला म्हणून तिने विचारलं नाही. आसपासच्या शेतांवर रोपं उतरताना तिने ते चार पावसाळे पाहिले होते.

तिथून परतताना मी रोपवाटिकेत थांबले. बांध पुन्हा रिकाम्या गाडीने चढले, ह्या वेळी दात न आवळता. तिथल्या खोलीत अप्पांचा पांढऱ्या रंगाचा डबा होता. वर साय धरली होती, खाली रंग चांगला होता. ब्रशही त्यांनी धुऊन, दोरा बांधून खिळ्याला टांगलेला. मी हौद्यात चढले, रगड्यांवरचा चिखल कापडाने पुसला. पालथे असल्यामुळे बुडं वरच होती. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. अप्पांचं अक्षर काटकोनी, प्रत्येक आकड्यापुढे टिंब. त्याला मी हात लावला नाही. खाली रिकामी जागा होती. प्रत्येक नावाखाली मी एकच शब्द लिहिला. गाडीचा. तमिळ अक्षरांत लिहिला, काकांना वाचता यावा म्हणून.

"आई"च्या खाली लिहिताना ब्रश थोडा वेळ डब्यातच ठेवला. मग तिथेही लिहिलं.

घरी पोचले तेव्हा काका ओट्यावर होते. गाडी आत घेतल्यावर उठून आले आणि फाळक्याशी उभे राहिले. रंग अजून ओला होता. त्यांनी सगळे शब्द वाचले, ओठ हलवत, शेवटच्यापर्यंत. पेन खिशात होतं.

"दुसरी खेप सोमवारी आहे," मी म्हटलं आणि फाळका लावून कडी घातली.